धरायचे काय, सोडायचे काय

पदवीदान असो वा निरोप समारंभ, व्यासपीठावरून एक सल्ला हमखास मिळतो : ज्यात मन रमते तेच काम करा. तोच वक्ता घरी आल्यावर रक्तदाब वाढलेल्या धाकट्या भावाला सांगतो : इतके मनाला लावून घेऊ नकोस, सोडून द्यायला शीक. दोन्ही सल्ले चांगल्या हेतूने दिलेले असतात आणि दोन्हींत तथ्य असते. अडचण अशी की ते एकाच माणसाला पाळायचे असतात. चिठ्ठीवर एकमेकांना मारक अशी दोन औषधे दिसली तर जाणता औषधविक्रेता डॉक्टरला फोन करून खात्री करून घेतो. या दोन सल्ल्यांबाबत अशी विचारणा कोणी करत नाही.

ध्यास घेणे आणि सोडून देणे ही दोन विरुद्ध टोके आहेत, असे मानले की गोंधळ सुरू होतो. मग एकाला ‘जिद्दी’ म्हणायचे, दुसऱ्याला ‘समाधानी’, आणि आपण कोणत्या गटात बसतो ते शोधत राहायचे. वैद्यकाच्या इतिहासात मात्र वेगळे चित्र दिसते. ज्यांचा ध्यास दीर्घकाळ टिकला आणि इतरांच्या उपयोगी पडला, त्यांनी वाटेत बरेच काही सोडलेले आढळते. त्यांनी नेमके काय धरले आणि काय सोडले, हे पाहण्यासारखे आहे. लांब जायला नको; महाडपासून सुरुवात करता येईल.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातले, एमबीबीएस नागपुरातून. तिथे त्यांच्यासमोर लाल विंचू चावलेले रुग्ण येऊ लागले. कोकणातला हा विंचू आकाराने लहान, पण त्याचे विष जबर. धडधाकट माणूस किंवा खेळते मूल दंशानंतर काही तासांत छातीत पाणी भरून, तोंडातून गुलाबी फेस येत दगावत असे. अॅट्रोपिन, स्टेरॉइड, अँटिहिस्टामिन अशी हाताशी असलेली औषधे दिली जात आणि त्यांचा उपयोग होत नसे. पाठ्यपुस्तके मोठ्या शहरांत लिहिली जातात. शहरातल्या प्राध्यापकाला लाल विंचवाचा रुग्ण क्वचितच दिसतो, त्यामुळे पुस्तकात या विषयाला फारशी जागा नव्हती.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला असे रुग्ण पुढे पाठवून मोकळे होता येते. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करायला सुरुवात केली. किती वाजता दंश झाला, उलटी केव्हा, घाम किती, नाडी, रक्तदाब, हातपाय गरम की गार. त्या नोंदींतून एक गोष्ट पुढे आली. दंशाच्या जागी असह्य कळा येणारा, ओरडणारा रुग्ण सहसा वाचतो. ज्याला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात आणि पुरुष असल्यास लिंगात ताठरता येते, त्याच्या हृदयावर संकट येऊ घातलेले असते. या धोक्याच्या पूर्वखुणा १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. तपासणीला कोणतेही यंत्र नको, डोळे आणि हात पुरे. कंदिलाच्या उजेडातही निदान करता येईल अशा या खुणा आहेत आणि कोकणातल्या आरोग्य केंद्रात त्याचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

या विषाची करणी थोडक्यात अशी. नसांच्या पेशींवर सोडियमची सूक्ष्म दारे असतात. ती उघडतात आणि लगेच मिटतात. लाल विंचवाचे विष ती नीट मिटू देत नाही. त्यामुळे नसा सतत चेतवलेल्या राहतात आणि अॅड्रिनॅलिन व त्याच्या भाईबंदांचा शरीरात पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलावे लागते आणि शेवटी ते थकते. फुप्फुसात पाणी साठते. हे कोडे उलगडले की उपायाची दिशा कळते : आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या. प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिले गेले. औषध उत्तम, पण ते शिरेतून थेंबाथेंबाने, सतत रक्तदाब मोजत द्यावे लागते. तालुक्याच्या गावी ते झेपणारे नव्हते. मग प्राझोसिनची गोळी आली. रक्तदाबाचे हे जुने, स्वस्त औषध रक्तवाहिन्यांवरच्या नेमक्या त्याच जागा अडवते, जिथे अॅड्रिनॅलिनचा मारा चाललेला असतो. त्यावरचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. गंभीर विंचूदंशात पूर्वी २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आल्याचे बावस्कर यांनी आपल्या अनुभवातून नोंदवले आहे. पुढे २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मधल्या काळात एम.डी. करायला ते पुण्याला गेले आणि पदवी घेऊन परत महाडलाच आले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचे नाव त्यांच्या अनेक लेखांवर सोबत आहे.

ही ध्यासाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते आणि ती बहुधा इथे संपवली जाते. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये महाडच्या त्यांच्याच रुग्णालयात झालेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. विंचवाच्या विषावर उतारा म्हणून तयार केलेली प्रतिविषाची लस प्राझोसिनच्या जोडीला दिली तर काय होते, असा प्रश्न होता. ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला नुसते प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटातले ३५ पैकी ८ आणि दुसऱ्या गटातले ३५ पैकी ३२. बरे व्हायला लागलेला सरासरी वेळ नुसत्या प्राझोसिनने सुमारे १८ तास, दोन्हींनी ८ तास.

ज्या गोळीशी आपले नाव जगभर जोडले गेले, ती एकटी पुरेशी नाही, असे सांगणारे आकडे आपल्याच दवाखान्यातून छापायचे, याला मोठे मन लागते. वैद्यकीय व्यवसायातल्यांना हे अधिक चटकन कळेल. एखादे औषध, एखादी शस्त्रक्रियेची पद्धत आपल्या नावाने ओळखली जाऊ लागली की तिच्या विरोधातला पुरावा आधी चुकीचा वाटतो, मग अपुरा वाटतो, आणि फारच झाले तर ‘आपल्याकडच्या रुग्णांना लागू नाही’ असा ठरतो. इथे प्राझोसिन फेकून दिलेले नाही, ते आजही दिले जाते. सुटला तो ‘एवढे पुरे’ हा दावा. विंचू चावलेला माणूस लवकर घरी कसा जाईल, हा बिरवाडीतला प्रश्न तेवढा कायम राहिला.

दुसरे उदाहरणही भारतातलेच आहे, आणि त्यात दोन्ही बाजू एकाच माणसात सापडतात.

रोनाल्ड रॉस यांना डॉक्टर व्हायचे नव्हते. जन्म १८५७ मध्ये अल्मोड्याचा, वडील ब्रिटिश फौजेत. मुलाला कविता, संगीत आणि गणित यांची ओढ. वडिलांना तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये हवा होता. वडिलांचे ऐकून रॉस १८८१ मध्ये नोकरीला लागले आणि पुढची कैक वर्षे फावल्या वेळात कविता व गणित करत राहिले. १८९४ मध्ये लंडनला सुटीवर असताना पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना सूक्ष्मदर्शकातून हिवतापाचा परजीवी दाखवला आणि डासांचा या रोगाशी संबंध असावा, ही आपली शंका सांगितली. तिथून रॉस यांना झपाटले गेले. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, मनाविरुद्ध पत्करलेल्या पेशात माणसाला आपले काम सापडू शकते, हे विशीतच ‘पॅशन’ सापडली नाही म्हणून खंतावणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

सिकंदराबादला परतून त्यांनी डास चिरायला घेतले. गरमी, सूक्ष्मदर्शकाचे घामाने गंजलेले स्क्रू, पंखा लावला तर डास उडून जाणार. दोन वर्षे हाती काही आले नाही, कारण डासच चुकीचे होते. हिवताप पसरवणाऱ्या जातीऐवजी ते दुसऱ्याच जातींचे डास तपासत होते. शिवाय गुरूंचा सिद्धांतही अर्धाच बरोबर होता. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला हिवताप होतो, असे मॅन्सन यांना वाटे. रॉस यांनी तसे पाणी माणसांना पाजूनही पाहिले. आज कोणतीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही, हे जाता जाता. शेवटी २० ऑगस्ट १८९७ रोजी, ठिपकेदार पंखांच्या वेगळ्या डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना परजीवीच्या रंगद्रव्याचे कण असलेल्या पेशी दिसल्या. या डासाने हुसेन खान नावाच्या रुग्णाचे रक्त प्यायले होते. दर डासामागे एक आणा या हिशेबाने त्याला चावून घेण्याचे पैसे मिळत. २० ऑगस्ट हा दिवस आजही जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो.

आणि पुढच्याच महिन्यात बदली. सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम माणूस काय करतो आहे हे पाहून निघत नाही, तेव्हाही नसे. रॉस यांना राजपुतान्यातल्या खेरवाड्याला धाडले गेले. तिथून १८९८ मध्ये कोलकात्याला आले तर तिथे हिवतापाचे हवे तसे रुग्ण मिळेनात. येथे त्यांनी जे केले ते महत्त्वाचे आहे. माणसांतला हिवताप त्यांनी बाजूला ठेवला आणि पक्ष्यांना होणाऱ्या हिवतापावर काम सुरू केले. इतक्या वर्षांची मेहनत ज्यावर घातली ते सोडून चिमण्यांच्या मागे लागणे कोणालाही जड गेले असते. पण जुलै १८९८ मध्ये परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोचतो आणि चावताना पक्ष्याच्या शरीरात उतरतो, हे त्यांनी दाखवून दिले. पाणी पिण्याचा सिद्धांत तिथेच निकालात निघाला. त्याच वर्षी इटलीत जोव्हानी ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसातल्या हिवतापाचे चक्र अॅनोफिलिस डासात पूर्ण दाखवले. १९०२ चे नोबेल एकट्या रॉस यांना मिळाले.

इथवर सोडण्याची कला त्यांना उत्तम साधली होती. जात सोडली, गुरूंचे मत सोडले, प्राणीच बदलला. सुटले नाही ते श्रेय. नोबेल हातात असतानाही ग्रासींशी भांडण चालूच राहिले. लेख, पत्रे, १९२३ मधले आत्मचरित्र, सगळीकडे तो हिशेब आहे. ज्या मॅन्सन यांनी परजीवी दाखवला त्यांच्याशीही बिनसले. दुसरीकडे, याच माणसाने १९१० मधल्या हिवताप प्रतिबंधावरच्या पुस्तकात गणित मांडून दाखवले की रोग हटवण्यासाठी सगळे डास मारावे लागत नाहीत, त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी पुरते. साथरोगांच्या आजच्या गणिती अभ्यासाचे मूळ तिथे सापडते. रॉस १९३२ मध्ये वारले. श्रेयाच्या लढाईत गेलेली वर्षे या गणिताला मिळाली असती तर, असे वाटल्यावाचून राहत नाही.

ध्यासाचे हे दोन चेहरे मानसशास्त्रालाही दिसले आहेत. मॉन्ट्रियलचे रॉबर्ट व्हॅलरँड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्यांची वेगवेगळी मोजणी करणारी प्रश्नावली मांडली. एका प्रकारात माणूस छंद करतो. दुसऱ्यात छंद माणसाला करायला लावतो. त्यातला एक साधा अभ्यास सायकलस्वारांचा आहे. उन्हाळ्यात त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेतली आणि पुढे फेब्रुवारीत, रस्त्यांवर बर्फ असताना, कोण अजून सायकल चालवतो ते विचारले. घसरून हाड मोडण्याची शक्यता असतानाही जे थांबले नव्हते, त्यांचे गुण उन्हाळ्यातच दुसऱ्या प्रकारात जास्त होते. अंगात ताप असताना मॅरेथॉन धावणारे आपल्याकडेही वाढले आहेत. विषाणूचा ताप असताना जोराचा व्यायाम केल्यास हृदयाच्या स्नायूला सूज असेल तर ती जिवावर बेतू शकते, हे अशा हौशी धावपटूंना दरवर्षी नव्याने सांगावे लागते.

सोडता न येण्याची किंमत शरीर मोजते का? याचे थेट उत्तर देणे अवघड आहे, पण काही धागे हाती आहेत. कार्स्टन रॉश हे मॉन्ट्रियलच्याच कॉन्कॉर्डिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. आवाक्याबाहेर गेलेली ध्येये माणसे कशी सोडतात, यावर त्यांनी बरेच काम केले आहे. ग्रेगरी मिलर यांच्यासोबतचा त्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पंधरा ते एकोणीस वयाच्या ९० मुलींना त्यांनी वर्षभर तपासले. अशक्य ठरलेले ध्येय सोडणे ज्यांना फार जड जाई, त्यांच्या रक्तातले सीआरपी हे प्रथिन वर्षभरात वाढत गेले. सीआरपी म्हणजे अंगातल्या सूजेचा निर्देशांक. तो दीर्घकाळ चढा राहणे हे पुढे मधुमेह व हृदयविकाराच्या दिशेने बोट दाखवते. अभ्यास लहान आहे, त्यावरून कार्यकारणाचा निकाल देता येणार नाही आणि कोणी उद्या सीआरपी तपासायला लॅबमध्ये धावण्याचीही गरज नाही. पण ‘हार मानू नका’ हा सल्ला शरीराला सरसकट मानवतोच असे नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

रॉश यांचा आणखी एक अभ्यास कर्करोग झालेल्या मुलांच्या आईवडिलांवर होता. अशा घरात नोकरीतली बढती, नवे घर, प्रवास अशी कितीतरी ठरवलेली कामे मोडून पडतात. ज्यांना ती बाजूला ठेवता आली, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी होती. आणि अशा संशोधनात पुन्हा पुन्हा येणारी एक जोड विसरता कामा नये : सोडल्यावर मन गुंतवायला दुसरे काही सापडणे. नुसती पोकळी राहिली तर माणूस बुडतो. ‘सोडून द्या’ म्हणणारे नातेवाईक हा उत्तरार्ध सांगायला विसरतात.

महाराष्ट्रात आज हा प्रश्न सर्वांत धारदार कुठे असेल तर तो बारावीनंतरच्या घरांत. २०२४ मध्ये ‘नीट’साठी २४ लाखांहून अधिक मुलांनी नोंदणी केली. देशात एमबीबीएसच्या जागा त्या वेळी एक लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. म्हणजे वीसेक मुलांमागे एक. परीक्षा कितीदा द्यावी यावर मर्यादा नाही, आणि २०२२ पासून वयाची वरची अटही राहिलेली नाही. नियम उदार आहे. त्याचा एक परिणाम असा की थांबण्याची जागा आता कोणीही दाखवत नाही. लातूर-नांदेडच्या खोल्यांत दुसरा, तिसरा, कधी चौथा ‘ड्रॉप’ घेतलेली मुले-मुली राहतात. मेडिसिनच्या ओपीडीत ती येतात ती डोकेदुखी, पोटाचा त्रास, धडधड, रात्री झोप नाही अशा तक्रारी घेऊन. तपासण्यांत काही निघत नाही. सोबत आलेले वडील बाहेर थांबले की मग कळते की मुलाला मुळात चित्रे काढायची आहेत किंवा गावी आंब्याच्या कलमांचे काम करायचे आहे. किंवा त्याला काय हवे आहे, हे कधी कोणी विचारलेलेच नाही.

इथे ध्यास कोणाचा आणि सोडायचे कोणी, याची सरमिसळ झालेली असते. शेत विकलेले असते किंवा कर्ज काढलेले असते. वडिलांना स्वतःला जमले नाही ते मुलाकडून व्हावे, अशी इच्छा असते. त्यात दुष्टपणा काही नाही. पण मुलगा ज्याला चिकटून बसला आहे तो त्याचा प्रश्नच नाही. तो दुसऱ्याच्या उत्तरासाठी रात्री जागतो आहे. काहींची ओढ मात्र खरी असते. त्यांचा दुसरा प्रयत्न रास्त असतो आणि पुष्कळांना त्यात यश मिळतेही. कोण कोणत्या गटातला, हे गुणपत्रिकेवरून ओळखता येत नाही. निवांत बोलावे लागते.

याबाबत वैद्यकीय संशोधनातली एक शिस्त घरांनी उचलण्यासारखी आहे. मोठी औषधचाचणी सुरू करतानाच ती कोणत्या परिस्थितीत थांबवायची हे लिहून ठेवतात, आणि आकड्यांवर नजर ठेवायला औषधाच्या प्रेमात नसलेली वेगळी समिती नेमतात. अमेरिकेतली ‘कास्ट’ नावाची चाचणी याच व्यवस्थेने वाचवली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके चुकत असतील तर ते सुरळीत करणारी औषधे द्यावीत, यात तेव्हा बहुतेक हृदयरोगतज्ज्ञांना शंका नव्हती. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ठोके खरोखर सुधारत होती. पण १९८९ मध्ये समितीने आकडे पाहिले तेव्हा औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होते. चाचणीचा तो भाग ताबडतोब थांबवला गेला. थांबायचे कुठे हे आधी ठरले नसते तर ‘आणखी थोडे पाहू’ म्हणणारे त्या खोलीत पुष्कळ निघाले असते.

घरातही तसेच. किती प्रयत्न, किती खर्च, आणि नाही जमले तर पुढे काय, हे पहिल्या निकालाच्या आधी, मुलाला समोर बसवून ठरवावे. निकालाच्या संध्याकाळी कोणाचेच डोके ठिकाणावर नसते. पर्यायाचे नावही तेव्हाच घ्यावे, आणि ते ‘नाहीच जमले तर बघू काहीतरी’ अशा सुरात घेऊ नये. झोप उडणे, जेवण तुटणे, बोलणे बंद होणे, जगण्यात अर्थ नाही असे उद्गार, ही लक्षणे दिसली तर अभ्यासक्रम नंतर, आधी मानसोपचारतज्ज्ञ. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते; ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोनवरही मदत मिळते आणि मराठीत बोलता येते.

नोकरदारांच्या बाबतीत ध्यासाचा आणखी एक उपयोग होतो, आणि तो दुसरेच करून घेतात. एखाद्याला काम आवडते म्हटले की त्याला जादा काम सांगणे लोकांना कमी अन्यायाचे वाटते, हे जे किम, ट्रॉय कॅम्पबेल आणि एरन के यांच्या संशोधनात दिसले. परिचारिका, शिक्षक, अंगणवाडी सेविका, निवासी डॉक्टर यांना हे संशोधन वाचायची गरज नाही. ‘सेवाभाव’ हा शब्द पगार आणि सुट्टीच्या चर्चेत नेमका केव्हा येतो, ते त्यांना पाठ आहे. निवासी डॉक्टरांचे सलग काम बारा तासांपेक्षा जास्त नसावे, असे केंद्र सरकारने १९९२ मध्येच सांगून ठेवले आहे. छत्तीस तासांची ड्यूटी तरीही अनेक ठिकाणी चालते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र हिशेब मांडला. आठवड्याला ५५ तासांहून अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त. काम आवडीचे असेल तर रक्तवाहिन्या सवलत देतात, असा पुरावा नाही.

उरते ते हस्तांतर. सरकारी रुग्णालयांत एक चित्र वारंवार दिसते. एखादा डॉक्टर मन लावून मधुमेहींच्या पायांची ओपीडी चालवतो, सर्पदंशाची नोंदवही ठेवतो किंवा थॅलेसेमियाच्या मुलांची यादी सांभाळतो. आठ-दहा वर्षे उत्तम काम चालते. त्याची बदली होते किंवा तो निवृत्त होतो आणि महिन्याभरात ओपीडी बंद पडते, नोंदवह्या रद्दीत जातात. दोष बहुधा व्यवस्थेला दिला जातो, आणि तो आहेच. पण पुष्कळदा त्या डॉक्टरनेही काही सुटू दिलेले नसते. किल्ली त्याच्याकडे, आकडे त्याच्या डोक्यात, परिषदेतला शोधनिबंध त्याच्या नावावर. निवृत्तीनंतर असा माणूस रोज सकाळी दहाला अस्वस्थ होतो, कोणाचा फोन येत नाही म्हणून चिडतो, आणि त्याचा रक्तदाब, साखर, झोप सगळे एकदम बिघडते. घरचे म्हणतात, आता आराम करा.

त्यापेक्षा हे काम निवृत्तीच्या दोन-तीन वर्षे आधी सुरू व्हायला हवे. आठवड्यातली एक ओपीडी कनिष्ठ सहकाऱ्याने एकट्याने चालवायची, वरिष्ठाने त्या दिवशी तिकडे फिरकायचे नाही. पुढचा शोधनिबंध त्याच्या नावाने जाईल. नोंदवहीत उपचारांचा निर्णय तो लिहील, सहीही त्याची. आणि एखाद्या पानावर ‘सरांची पद्धत इथे लागू पडली नाही’ असा शेरा आला, तर सरांनी तो वाचून वही मिटावी आणि दुसऱ्या दिवशी त्या रुग्णाची तब्येत कशी आहे एवढेच विचारावे.